मोटरहोमच्या टीव्हीवर फोर-के अडकतंय? आधी बाजारात जाऊ नका

रात्री सव्वानऊला मांडूहून मामांचा फोन. "अरे, ते नुसतं गोल गोल फिरतंय. उद्या जेल रोडवरून बूस्टर घेऊन ठेवतोस का?"

"मामा, फोनवर चालतंय का ते?"

"फोनवर कोण बघतंय! एवढा त्रेचाळीस इंची टीव्ही बसवलाय."

असे फोन मला महिन्यातून दोन-तीन तरी येतात. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या गल्लीत मोटरहोम आमचीच पहिली, त्यामुळे गल्लीचा बिनपगारी मेकॅनिक मीच. प्रत्येक वेळी गोष्ट तीच असते: आधी वस्तू विकत आणायची आणि मग बिघाड शोधायचा. छतावर अँटेना चढतो, नवा राउटर येतो, आणि शेवटी कळतं की टीव्हीच्या एचडीएमआयत खोचलेल्या स्ट्रीमिंग स्टिकला वीजच पुरत नव्हती.

टॉवरपासून पडद्यापर्यंत साखळी लांब आहे. टॉवर, अँटेना, राउटर, गाडीतलं वाय-फाय, स्टिक, एचडीएमआय केबल, टीव्ही, आणि या सगळ्याच्या खाली बॅटरी. कच्ची कडी एक किंवा दोन असतात. खालच्या पायऱ्यांचा क्रम ती कडी कमीत कमी वेळात सापडावी असा लावला आहे. तो मोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललात तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळणार नाही.

सोबत काय लागेल

एक मल्टिमीटर, स्टिकचा मूळ ॲडॉप्टर, दीड मीटरची चांगली एचडीएमआय केबल, एक लॅन केबल, दुसऱ्या कंपनीचं चालू सिम आणि एक वही. वहीला हसू नका, शेवटी तीच जास्त कामाला येते.

पायरी १: फोर-के खरंच हवंय का ते ठरवा

टीव्हीच्या मागचा मॉडेल नंबर वाचा आणि त्याचं रिझोल्यूशन शोधा. आपल्याकडे मिळणारे २४ आणि ३२ इंची टीव्ही बहुतेक एचडी रेडी असतात, म्हणजे १३६६ गुणिले ७६८. अशा पडद्यावर फोर-के दिसूच शकत नाही. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, आणि ते साधारण ४३ इंचापासून पुढे मिळतं. डोक्यावर "फोर-के सपोर्ट" लिहिलेली स्टिक लावली म्हणून टीव्ही फोर-के होत नाही.

आता आकडे. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस मागतं, फुल एचडीसाठी ५, साध्या एचडीसाठी ३. यूट्यूब फोर-केला २० सांगतं. हे वेग सलग टिकायला हवेत, क्षणभर दिसून उपयोग नाही. म्हणून मी फोर-केसाठी २५ आणि फुल एचडीसाठी ८ मिळाले तरच "आहे" असं धरतो.

डेटाचा हिशोब याहून कडक आहे. नेटफ्लिक्सवर फोर-के तासाला ७ जीबीपर्यंत खातं, एचडी ३ जीबीपर्यंत. रोजचे २ जीबी असलेलं सिम फोर-केवर सतरा मिनिटांत संपतं. नंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि आपण टॉवरला शिव्या देत बसतो.

माझं मत विचाराल तर गाडीत पडदा डोळ्यांपासून दोन मीटरवर असतो आणि दिवसभर भटकून आलेल्या माणसाला फुल एचडी पुरतं. फोर-के घरी बघा. तरी हवंच असेल, तर पुढे चला.

तपासणी: तुमचा प्लॅन फोर-के देतो का? नेटफ्लिक्सचं फोर-के फक्त प्रीमियममध्ये आहे, आणि मोबाइल प्लॅन तर टीव्हीवर चालतच नाही. जिओहॉटस्टारवरही फोर-के सगळ्यात वरच्या प्लॅनमध्येच आहे. खूपशा तक्रारी इथेच मिटतात.

पायरी २: घरासमोर अर्धी परीक्षा

हीच पायरी लोक टाळतात, आणि हीच सगळ्यात मोलाची आहे.

गाडी घरासमोर लावा. गाडीतला टीव्ही किंवा स्टिक घरच्या फायबरच्या वाय-फायला जोडा. सिग्नल गाडीत पोचत नसेल तर राउटर खिडकीत आणून ठेवा, किंवा लॅन केबल थेट ओढा. मग फोर-के लावून पंधरा मिनिटं बघा.

नीट चाललं तर स्टिक, केबल, टीव्ही, ॲप आणि प्लॅन सगळं निर्दोष. दोष बाहेरच्या नेटमध्ये किंवा गाडीच्या राउटर-वाय-फायमध्ये आहे. पायरी ३ उरकून थेट पायरी ५ वर जा. घरच्या फायबरवरही अडकलं तर जगातला कुठलाही अँटेना ते सुधारणार नाही. पायरी ३ आणि ४ मन लावून करा.

परीक्षा गाडीच्या बॅटरीवर करा, घरातून एक्स्टेन्शन ओढून नाही. घरची वीज लावली की वीजेचा दोष लपतो आणि चोरलच्या मुक्कामी पोचल्यावर उघडा पडतो.

याच वेळी दोन कामं उरकून घ्या. टीव्ही, स्टिक आणि सगळ्या ॲपचे अपडेट घरच्या नेटवर होऊ द्या, आणि नंतर आपोआप अपडेट बंद करा. तीन महिने बंद असलेला टीव्ही सहलीत पहिल्यांदा लावला की तो आधी स्वतःचंच काहीबाही उतरवत बसतो, तेही तुमच्या सिमवर. दुसरं, नेटफ्लिक्स घरच्या वाय-फायवर एकदा उघडा. नाहीतर भलत्याच गावी "हा टीव्ही तुमच्या घरचा नाही" अशा अर्थाची पाटी येते आणि कोड मागते. ज्याच्या फोनवर किंवा मेलवर कोड येणार तो माणूस तेव्हा नेमका इंदूरमध्ये झोपलेला असतो.

पायरी ३: वीज

इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून जरा रेंगाळतो.

पहिल्याच वर्षी चोरलच्या बाजूला मुक्काम होता. संध्याकाळी पिक्चर लावला. दहा मिनिटं झकास, मग पडदा काळा, मग स्टिकचा लोगो, मग पुन्हा सुरुवातीचं पान. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मी टॉर्च दातांत धरून छतावर, अँटेना डावीकडे, उजवीकडे. आई खालून ओरडतेय, "आता आलं! … गेलं!" दोन तास हा तमाशा. शेवटी उतरून टीव्हीच्या मागे हात घातला तर स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबीत खोचलेली. स्टिक इतकी तापलेली की बोट टेकवेना.

साध्या यूएसबी २ पोर्टमधून नियमाने ५ व्होल्टवर ०.५ अँपिअर मिळतो. स्टिकला सहसा १ अँपिअर लागतो. मेन्यू चालतो, यूट्यूबचा छोटा व्हिडिओ चालतो, आणि फोर-के सुरू झालं की चिप जोर लावते, वीज कमी पडते, स्टिक रीस्टार्ट होते. बाहेरून ते अगदी नेट गेल्यासारखं दिसतं.

करायचं ते क्रमाने:

१. स्टिक तिच्या मूळ ॲडॉप्टरवर लावा, किंवा किमान २ अँपिअरच्या चांगल्या १२ व्होल्ट कार चार्जरवर. यूएसबीची वायर आखूड ठेवा.

२. टीव्ही चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, मग इन्व्हर्टरच्या टोकांवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. २.५ चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन दहा मीटर असेल आणि १० अँपिअर वाहत असतील, तर पाऊण व्होल्ट वायरीतच जातो.

३. लेड-ॲसिड बॅटरी भार नसताना १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी. लिथियमला हा हिशोब लागू नाही. ती संपेसंपेपर्यंत १३ च्या आसपास राहते, म्हणून तिला मॉनिटरच हवा.

४. १०० वॅटचा टीव्ही इन्व्हर्टरमधून बॅटरीचे साधारण १० अँपिअर खातो. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड निम्म्यापर्यंतच वापरायची म्हटलं तर पाच तास. त्यात फ्रिज आणि पंखा धरा.

५. राउटर १२ व्होल्टचा असला तरी थेट बॅटरीला जोडू नका. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४.४ पर्यंत जातो. मधे १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा कन्व्हर्टर लावा. राउटर अधूनमधून स्वतःहून रीस्टार्ट होत असेल तर पहिला संशय इथे घ्या.

सावधान: बॅटरीजवळचा फ्यूज काढून तार मारण्याची हुशारी नको. गाडीत माणसं झोपतात.

सावधान: "मॉडिफाइड साइन वेव्ह" लिहिलेल्या स्वस्त इन्व्हर्टरवर काही ॲडॉप्टर गुणगुणतात, तापतात. टीव्हीसाठी प्युअर साइन वेव्हच घ्या. या सबंध लेखात मी खुशाल विकत घ्या म्हणतोय अशी ही मोजक्या वस्तूंतली एक.

उष्णतेचाही विचार करा. मे महिन्यात माळव्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि टीव्हीमागच्या लाकडी खणात त्याहून जास्त. तापलेली चिप स्वतःहून मंद होते. स्टिकसोबत येणारा बोटभर लांबीचा एचडीएमआय तुकडा लोक डब्यातच ठेवतात. तो लावा. स्टिक टीव्हीच्या पाठीपासून जरा बाहेर येते, हवा लागते, आणि वाय-फायही सुधारतं.

पायरी ४: स्टिक, केबल, टीव्ही

घरच्या फायबरवरही फोर-के आलं नसेल तरच ही पायरी.

चित्र सतत मऊ, पण न अडकता येतंय? मग दोष वेगाचा नाही, परवानगीचा आहे. नेटफ्लिक्स-प्राइमसारख्या ॲपना एचडी द्यायला उपकरणात वाइडवाइन एल-१ लागतं. वाइडवाइन म्हणजे नक्कल होऊ न देणारं कुलूप, आणि एल-१ ही त्याची सगळ्यात वरची पातळी. बाजारातले बिननावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स बहुतेकदा एल-३ असतात आणि एसडीपाशीच, म्हणजे एचडीच्या खालीच, थांबतात. बॉक्सवर आठ-के लिहिलं असलं तरी. वाइडवाइन तपासणारी फुकट ॲप मिळतात. घेण्याआधी दुकानातच लावून बघा. दुकानदार कुरकुरला तर तेही एक उत्तरच.

फोर-केसाठी वाटेतल्या प्रत्येक उपकरणाला एचडीसीपी २.२ हवं, म्हणजे एचडीएमआयवरून जाणाऱ्या चित्राचं तसलंच कुलूप. मधे जुना साउंडबार किंवा एचडीएमआय स्विच असेल तर काढा आणि स्टिक थेट टीव्हीत लावा. काही टीव्हींत सगळे पोर्ट सारखे नसतात. दुसऱ्या पोर्टात लावून बघा. सेटिंगमध्ये त्या पोर्टसाठी "एन्हान्स्ड" किंवा "यूएचडी कलर" अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू करा.

केबल "प्रीमियम हाय स्पीड" हवी, म्हणजे १८ जीबीपीएस पेलणारी. पडद्यावर ठिपके चमकणं, क्षणभर काळं होऊन परत येणं ही केबलची लक्षणं. गाडीत आणखी एक भानगड: हादरे. इंदूर ते ओंकारेश्वर ऐंशी किलोमीटर, त्यात भेरूघाटाची वळणं; पोचेपर्यंत एचडीएमआयचं टोक मिलिमीटरभर बाहेर आलेलं असतं. केबल टोकापासून चार बोटांवर टायने बांधा म्हणजे वजन पोर्टावर येत नाही.

तपासणी: यूट्यूबवर फोर-के व्हिडिओ लावून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" चालू करा. सध्याचं रिझोल्यूशन, जोडणीचा वेग आणि बफरमध्ये किती सेकंद साठलेत ते दिसतं. बफर भरलेला आहे आणि तरीही चित्र झटके घेतंय? मग स्टिक दमलीये. बफर शून्याकडे चाललाय? नेट दमलंय. एवढं वाचता आलं की निम्मी कटकट संपते.

पायरी ५: सिम आणि डेटा

बाहेर निघालात. जागेवर पोचल्यावर सगळ्यात आधी सिम कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक डेटा बघा. मामांचा त्या रात्रीचा बिघाड इथेच निघाला होता. दुपारी जहाज महालाचे व्हिडिओ नातवंडांनी त्याच हॉटस्पॉटवरून चढवले होते आणि दिवसाचा कोटा साडेसातलाच संपला होता. बूस्टरने काय झालं असतं?

फोनमध्ये फोटोंचा आपोआप बॅकअप बंद करा. गाडीच्या वाय-फायला किती फोन जोडलेत ते राउटरच्या पानावर मोजा. चार माणसांच्या गाडीत सात उपकरणं सहज निघतात.

अमर्याद ५जीच्या भरवशावर असाल तर हे लक्षात घ्या: फोन ५जीवरून ४जीवर घसरला की तिथून पुढचा डेटा रोजच्या कोट्यातून कापला जातो. घाटाच्या तोंडाशी फोन दिवसभर असाच खाली-वर करत असतो. तिथे फोन फक्त ४जीवर ठेवा आणि कोट्याकडे लक्ष द्या. वेग कमी मिळेल, पण धरून राहील.

घरच्या पत्त्यावर दिलेली वायरलेस ब्रॉडबँड जोडणी उचलून गाडीत घालायचा प्रयत्नही बरेच जण करतात. ती पत्त्याला बांधलेली असते. वेळ घालवू नका.

पायरी ६: सिग्नल बाहेर मोजा

फोनवरच्या दांड्या विसरा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस. तिथे सिग्नलचा जोर डीबीएम या मापात आकड्याने दिलेला असतो. आयफोनवर डायलरमधून *३००१#१२३४५#* लावा. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ९० किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम, उणे १०० ला काम भागतं, उणे ११० च्या पलीकडे फोर-केचं नाव काढू नका.

आता क्रमाने:

१. गाडीबाहेर, छताच्या उंचीवर हात करून मोजा. वहीत लिहा.

२. त्याच फोनने गाडीच्या आत, दार लावून, टीव्हीजवळ मोजा. लिहा.

३. बाहेर उभं राहून त्याच सिमवर फास्ट डॉट कॉमवर तीनदा वेग मोजा. ही चाचणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून होते, म्हणून इथे दिसणारा आकडा दुसऱ्या कुठल्या चाचणीपेक्षा कामाचा.

४. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पुन्हा तेच.

बाहेर-आत १० ते २० डीबीचा फरक पडला तर गाडीचा पत्रा सिग्नल खातोय. १० डीबी म्हणजे दहापट. इथे अँटेना खरोखर उपयोगी. बाहेरही उणे ११५ असेल तर गाडी हलवा. दरीतून शंभर मीटर वर, उघड्या टेकाडावर गेलं की जे होतं ते पाच हजारांच्या सामानाने होत नाही. मांडूच्या पठारावर मोकळ्या जागी एक चित्र असतं आणि काकडा खोहच्या बाजूला झाडीत उतरलात की दुसरंच.

सिग्नल उणे ८५, झकास, पण वेग २ एमबीपीएस? मग टॉवरवर गर्दी आहे. श्रावणी सोमवारी ओंकारेश्वरला हे हमखास होतं. अँटेनाने गर्दी हटत नाही. दुसरं सिम लावा, किंवा रात्री अकरानंतर बघा.

पायरी ७: अँटेना, लागलाच तर

राउटरमध्ये सिम घालायची सोय आणि मागे अँटेनाचे स्क्रू-सॉकेट असतील तरच बाहेरचा अँटेना लावता येतो. छतावर चहूबाजूंनी पकडणारा चपटा अँटेना घ्या. दिशेचा अँटेना जास्त लांबचं पकडतो, पण प्रत्येक मुक्कामी टॉवर शोधून वळवावा लागतो. महिनाभर एकाच जागी राहणार असाल तर ठीक.

४जीला दोन केबल लागतात. दोन्ही लावा. एकच लावली तरी नेट चालतं, म्हणून चूक वर्षभर लक्षात येत नाही, फक्त वेग निम्म्यावर राहतो.

आमच्या गाडीत अँटेना बसवणाऱ्याने केबल वाय-फायच्या सॉकेटात फिरवल्या होत्या. आटे जुळतात, म्हणून हाताला बरोबर लागल्यासारखं वाटतं. पण ४जीच्या आणि वाय-फायच्या सॉकेटात मधली पिन उलटी असते, त्यामुळे पिनसमोर पिन येते किंवा भोकासमोर भोक. जोरात आवळलं तर सॉकेट कायमचं जातं. आवळण्याआधी टॉर्च मारून आत बघा: एकीकडे पिन, दुसरीकडे भोक असंच हवं.

केबल आखूड ठेवा. बारीक, आरजी-५८ जातीची केबल २३०० मेगाहर्ट्‌झला मीटरमागे जवळपास १ डीबी खाते. तीन मीटर झाले की निम्मा सिग्नल गेला. अँटेनाबरोबर दहा मीटरचं भेंडोळं आलं म्हणून सगळं गाडीत गुंडाळून ठेवणारे मी पाहिलेत. राउटरच छताजवळच्या खणात न्या आणि उरलेली केबल कापून नवं टोक बसवून घ्या. फक्त तो खण पत्र्याचा नको.

राउटरमध्ये बँड, म्हणजे सिग्नलच्या लहरींचा पट्टा, निवडायची सोय असेल तर थोडं खेळून बघा. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झ लांब जातात, भिंती-झाडी भेदतात, पण वाट अरुंद. २३०० रुंद, पण जवळच्या टॉवरचंच. राउटर बऱ्याचदा नुसता जोर बघून अरुंद बँड धरून बसतो. १८०० किंवा २३०० वर नेलं की सिग्नलचा आकडा पडतो आणि वेग वाढतो. आकड्याला न भुलता वेग मोजा.

सावधान: परवान्याशिवाय मोबाइल रिपीटर किंवा बूस्टर लावणं भारतात बेकायदा आहे, त्याने आसपासच्या सगळ्यांचं नेट बिघडतं. राउटरला लावलेला अँटेना ही वेगळी गोष्ट, त्याला हरकत नाही. ऑनलाइन "फाइव्ह बार गॅरंटी" म्हणून विकलं जाणारं खोकं घेऊ नका. मामा, तुम्हीसुद्धा.

सावधान: छतावर चढण्याआधी वर विजेच्या तारा आहेत का बघा. ढग गडगडत असतील तर चढूच नका. केबलसाठी पाडलेलं भोक पावसाळ्याआधी सिलंटने बुजवा.

पायरी ८: गाडीतलं वाय-फाय

आधी राउटरशेजारी फोनवर वेग मोजा, मग टीव्हीजवळ, मग टीव्हीवरच, नेटफ्लिक्सच्या मदत-विभागातल्या नेटवर्क तपासणीने. राउटरशेजारी ३० आणि टीव्हीवर ६ आले तर कडी सापडली.

उपाय सोपा: टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर ठेवा. गाडी पाच-सहा मीटरची, तेवढ्यात तो पुरतो. २.४ वर शेजारच्या गाड्यांचे हॉटस्पॉट, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे एकाच चौकात भांडतात. दोन्ही बँडला एकच नाव असेल तर वेगवेगळी नावं द्या, नाहीतर टीव्ही गुपचूप २.४ वर जाऊन बसतो. त्याहून उत्तम म्हणजे लॅन केबल. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो, तो फोर-केला भरपूर झाला.

फोनचा हॉटस्पॉट वापरत असाल तर त्याच्याही सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्‌झ निवडा, डेटा सेव्हर बंद करा, आणि फोन डॅशबोर्डवर उन्हात चार्जिंगला लावू नका. तापला की तोही मंदावतो.

ढाब्याचं किंवा रिसॉर्टचं वाय-फाय पत्र्याच्या गाडीत फारसं येत नाही. त्याच्यावर योजना आखू नका.

पायरी ९: ॲप

इथे फार नाही. टीव्हीची तारीख-वेळ बघा. मेन स्विचने वीज तोडलेला टीव्ही कधीकधी जुन्या तारखेला उठतो आणि मग ॲप सुरक्षित जोडणी नाकारतात. नेट चालू, यूट्यूब बंद, असा चमत्कार दिसतो. वेळ आपोआप घ्यायचा पर्याय चालू करा आणि टीव्ही रीस्टार्ट करा. मग ॲपची कॅशे साफ करा. ॲप काढून पुन्हा टाकणं शेवटी, आणि पासवर्ड आठवत असेल तरच.

पायरी १०: रात्री नऊला, काहीच जमत नसताना

क्रम असा. डेटा शिल्लक आहे? फोनवर, बाहेर उभं राहून तोच सिनेमा चालतो? चालत असेल तर दोष गाडीच्या आत: स्टिकची वीज, मग वाय-फाय. चालत नसेल तर दुसरं सिम. तरी नाही? नेटफ्लिक्सच्या खात्यात प्लेबॅक सेटिंग "मीडियम" करा, तासाला ०.७ जीबी. चित्र मऊ दिसेल, पण थांबणार नाही. यूट्यूबवर ७२० निवडा.

ज्या घाटात मुक्काम आहे तिथे सिग्नल नाही हे आधीच ठाऊक असेल, तर घरूनच फोनवर किंवा टॅबवर उतरवून घ्या. फोनवरून एचडीएमआयने टीव्हीवर दाखवायचं ठरवलं असेल तर ते घरी एकदा करून बघा. बऱ्याच फोनच्या यूएसबी-सी पोर्टातून चित्र बाहेर येतच नाही, आणि हे कळायची जागा बलवाड्याचं जंगल नव्हे.

मुक्काम उठवताना वहीत एक ओळ लिहा: जागा, कुठल्या बाजूला तोंड करून गाडी लावली होती, कुठलं सिम, बाहेर किती डीबीएम, रात्री नऊचा वेग. माझ्या वहीत महेश्वरच्या आमच्या नेहमीच्या जागेपुढे लिहिलंय: "दुसरं सिम, उणे ९४, रात्री ११, सकाळी ४०. पिक्चर सकाळी पोह्यांबरोबर."